करवंदीची जाळी आणि साहेबांची बागायत

आमच्या कॉलनीत झाड लावायचा एक नियम आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण सगळे मनापासून पाळतात. जे झाड आपल्या मुरमात जगणार नाही, नेमकं तेच आणून लावायचं. धाराशिवला नळाचं पाणी जावयासारखं येतं. कधी येईल ते सांगता येत नाही आणि आलं की सगळं घर धावतं. तरी आमच्या रांगेतल्या प्रत्येक बंगल्यापुढं हिरवळ. उन्हाळ्यात माणसं टँकरची वाट बघत पारोशी बसतात, हिरवळीला मात्र आंघोळ घालतात.

आमचं घरही याच पंथातलं. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि बागेच्या मागं लागले. गुलाब लावले, ते वाळले. पाम लावले, तेही वाळले. एका वर्षी मोबाइलवर बघून सफरचंदाचं रोप मागवलं. "उष्ण हवेत येणारी जात आहे," म्हणाले. वैशाखात त्या जातीची काडी झाली. ती काडी मी तुळशीला आधार म्हणून रोवली, म्हणजे पाहुण्यांनी विचारलं तर सफरचंद उपयोगी पडलं असं सांगता येईल.

पुढच्या मे महिन्यात माहेरचे पाहुणे आले म्हणून आम्ही रामलिंगाला गेलो. परत येताना येडशीजवळ रस्त्याच्या कडेला बायका पळसाच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसल्या होत्या. आम्ही घेतली आणि गाडीत बसून खायला लागलो. बाहेर डोंगर नुसता तापलेला, गवताची काडी नाही, ओढ्यात माकडं पाणी शोधत फिरत होती, आणि दगडादगडातून करवंदीच्या जाळ्या मात्र काळ्याभोर फळांनी लगडलेल्या. मी खाल्लेल्या करवंदांच्या बिया रुमालात जमा करायला लागले.

"हे काय चाललंय?" ह्यांनी विचारलं.

"लावणार आहे."

"करवंद? घरात? अगं, ते रानात उगवतं."

"म्हणूनच," मी म्हटलं.

बिया मी लगेच दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावल्या. पावसाळ्यात कोंब आले. पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या बंगल्याच्या बाजूनं, भिंतीच्या कडेला, पहारीनं मुरूम फोडून रोपं लावली. करवंदीला वाढायची घाई नसते. पहिल्या वर्षी ती बोटभर वाढली. ह्यांनी तिच्याशेजारी खुर्ची टाकली, पेपर उघडला आणि मला म्हणाले, "हिची सावली पडायला लागली की उठव मला."

मी शाळेत मराठी शिकवलेली. असल्या टोमण्यांना उत्तर द्यायची सवय होती, पण ते काम मी झाडावर सोपवलं. झाड आपलं आपण मोठं होत होतं. त्याला पाणी मागायची सवय नव्हती आणि शेळ्या त्याच्या वाटेला जात नव्हत्या. ह्यांचं एक जास्वंद शेळीनं मुळापर्यंत खाल्लं, त्या दिवशी पहिल्यांदा ते करवंदीकडं जरा आदरानं बघताना दिसले.

आता शेजाऱ्यांविषयी सांगायला हवं. शेजारचे साहेब कुठल्याशा कार्यालयात मोठे अधिकारी होते. पद कुठलं ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण ते फाटक उघडायचे तेसुद्धा उद्घाटन केल्यासारखं. त्यांची हिरवळ कॉलनीत सगळ्यांत मोठी. तिच्या मधोमध सिमेंटचा बगळा होता. बोअर आटलं त्या वर्षी हिरवळ पिवळी पडली, बगळा तेवढा ताजातवाना राहिला. साहेबांचा मुलगा पुण्यात नोकरीला होता आणि त्याचं लग्न जमत नव्हतं.

लग्न जमेना म्हणून साहेबांनी सोलापूरहून एक वास्तुतज्ज्ञ बोलावला. पांढरा शर्ट, गळ्यात रुद्राक्ष, हातात होकायंत्र. तो त्यांच्या अंगणात फिरला आणि शेवटी आमच्या भिंतीपाशी येऊन थबकला. संध्याकाळी साहेब आणि त्यांच्या मंडळी आमच्याकडं आले. चहा झाला. मग साहेबांनी घसा साफ केला.

"बाई, ते झाड काढावं लागेल."

"कोणतं?"

"ते करवंदाचं. काटेरी झाड दारात असलं की घरात भांडणं होतात."

"साहेब, आमच्या घरात भांडणं झाडाच्या आधीपासून आहेत," मी म्हटलं. ह्यांनी मान हलवून दुजोरा दिला. लग्नानंतर एखाद्या गोष्टीवर आमचं इतकं पटकन एकमत झालेलं मला आठवत नाही.

"पण दोष आमच्याकडं येतोय," त्यांच्या मंडळी म्हणाल्या. "मुलाचं लग्न अडलंय हो."

"गुलाबालाही काटे असतात," मी म्हटलं.

"गुलाबाची गोष्ट वेगळी," साहेब म्हणाले. "ते स्टँडर्ड झाड आहे. हे म्हणजे रानटी. लोक काय म्हणतील, बंगल्याला करवंदीचं कुंपण?"

'लोक काय म्हणतील' म्हणताना त्यांचा आवाज थोडा चिरकला. वास्तूची गोष्ट ते पाठ केल्यासारखी बोलले होते. हे वाक्य मात्र आतून आलं होतं. मी तेव्हा त्याकडं लक्ष दिलं नाही. झाड काढणार नाही, एवढं सांगून त्यांची बोळवण केली.

त्या वर्षी झाडाला पहिली फुलं आली होती, जाईसारखी पांढरी, संध्याकाळी मंद वास देणारी. पण फळं मूठभरच धरली, आणि तीही बुलबुलांनी आमच्या आधी खाल्ली. मग पावसाळा लागला. आम्ही कुलधर्मासाठी तुळजापूरला गेलो आणि मुक्काम करून आलो, तर भिंतीच्या कडेला करवंदीच नाही. जमिनीतून वीतभर बुंधे वर आलेले, कोयत्यानं तिरपे छाटलेले, त्यांच्यातून पांढरा चीक गळून सुकलेला. फांद्यांचा ढीग कॉलनीच्या कचऱ्याच्या जागी नेऊन टाकला होता.

मी तशीच, हातात परडी घेऊन, शेजारी गेले. साहेब हिरवळीवर उभे होते.

"बाई, फांद्या आमच्या बाजूला येत होत्या," मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले.

"आणि बुंधे? तेही येत होते का तुमच्या बाजूला?"

"माणसाला सांगितलं होतं थोडं छाट म्हणून. त्यानं जरा जास्त छाटलं."

मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी त्यांना देवीचा प्रसाद दिला आणि परत आले. रागाच्या भरात प्रसाद देणारी बाई साहेबांनी बहुधा पहिल्यांदाच बघितली असेल. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला.

घरी आले तर आमचे हे, ज्यांनी इतकी वर्षं त्या झाडाची टिंगल केली, ते बादली घेऊन बुंध्यांना पाणी घालत होते. पाऊस पडत होता. पावसात झाडाला पाणी घालणारा माणूस मी पाहिला नव्हता. "असू दे," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाऊस वरून पडतो, मुळाला काय कळतंय."

मुळाला सगळं कळत होतं. महिना उलटायच्या आत एकेका बुंध्यातून तांबूस कोंबांचे झुबके फुटले. आधी ते झाड होतं, आता खरी जाळी झाली. छाटल्यानं ती इतकी दाट झाली की मांजरसुद्धा वळसा घालून जायला लागली. पुढच्या उन्हाळ्यात तिनं फळ धरलं नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मात्र ती भरली ती अशी भरली, की पानं कमी आणि फळं जास्त.

त्याच सुमाराला साहेबांच्या आई त्यांच्याकडं राहायला आल्या. गावात पडल्या होत्या, पायाला लागलं होतं, म्हणून मुलानं इकडं आणलं. बाहेर फारशा दिसायच्या नाहीत. एका सकाळी मी अंगणात आले तर भिंतीपलीकडून एक सुरकुतलेला हात आमच्या जाळीत शिरलेला. काट्यांतून तो असा सरसर फिरत होता, जसा आपला हात आपल्याच फडताळात फिरतो.

"मावशी, काटे लागतील," मी म्हणाले.

हात थांबला. भिंतीवरून पदर घेतलेलं डोकं वर आलं. "मला?" असं विचारून त्या हसल्या. तोंडात बहुतेक दात नव्हते आणि जीभ जांभळी झाली होती. "म्या यात जन्म काढलाय, मास्तरीणबाई."

"तुमच्या शेतात होती का करवंदी?"

"शेत कुठलं? येडशीच्या ठेसनावर इकत हुते की. छोटी गाडी हुती तवा. लई हळू चालायची. गाडी सुटली तरी खिडकीसंगं चालत चालत भाव करायचा." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पोराला सांगू नका मी बोलले म्हणून. त्यानं मला शिकवून ठिवलंय. कुणी इचारलं तर म्हणायचं, आमची बागायत हुती."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वास्तू, दोष, होकायंत्र, सगळी सजावट होती. माणूस सकाळी उठून खिडकी उघडायचा आणि ज्या झाडानं त्याला लहानाचं मोठं केलं, ते झाड शेजारणीनं नेमकं त्याच्या तोंडासमोर लावलेलं. मला त्याची कीव यायला हवी होती. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

मावशी मग रोज यायच्या. त्यांचा स्वभाव काही गोड नव्हता. माझी करवंदं आंबट आहेत, झाड चुकीच्या जागी आहे, लोणच्यात मी मीठ कमी घालते, हे त्या मला माझ्याच ओट्यावर बसून ऐकवायच्या. मी महिला मंडळात देशी झाडांवर भाषण दिलं होतं, ते त्यांना मोठ्या हौसेनं ऐकवलं, तर मध्येच म्हणाल्या, "एवढं बोलण्यापरीस दोन द्रोण इकले असते की."

त्यांना बंगल्यात करमत नव्हतं. सून टीव्ही लावून द्यायची. टीव्हीतल्या बायका दिवसभर नटून भांडतात आणि कुणी कामाला जात नाही, हे मावशींना पटत नव्हतं.

मे महिन्यात साहेबांच्या मुलासाठी स्थळ आलं. तामलवाडीकडचे द्राक्षबागायतदार. मुलीकडची मंडळी घर बघायला येणार म्हणून सिमेंटच्या बगळ्यालासुद्धा नवा रंग दिला. मावशींना नवं लुगडं नेसवून आतल्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही.

मी आमच्या व्हरांड्यात शेंगा निवडत बसले होते, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं. मावशी मागच्या दारानं निघाल्या, काठी टेकत आमच्या अंगणात आल्या आणि मला न विचारता जाळीवरची करवंदं पदरात तोडून घेतली. आमच्या कुंडीतल्या कर्दळीची पानं ओरबाडली, त्यांचे द्रोण केले आणि दोन्ही फाटकांच्या मध्ये, रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या सावलीत मांड ठोकून बसल्या. माझी करवंदं, माझी पानं, आणि मला साधं विचारलंही नाही, याचा मला रागच आला. मी उठणार, तेवढ्यात पांढरी गाडी येऊन थांबली.

गाडीतून फेटेवाले गृहस्थ उतरले. मागं त्यांच्या मंडळी, आणखी दोघं-तिघं.

"करवंदं कशी दिली, आजी?"

"आधी खाऊन तर बघा. आंबट लागली तर थुकून टाका."

त्यांनी एक तोंडात टाकलं, डोळे मिटले, आणि एक द्रोण उचलला. मग विचारलं, "साहेबांचं घर कुठलं हो इथं?"

"कोणत्या साहेबांचं? इथं समदे साहेबच हायत."

"ज्यांचा मुलगा पुण्यात असतो ते."

"समद्यांचीच पोरं पुण्यात हायत."

गृहस्थ जरा घोटाळले. "ज्यांच्या मुलाचं लग्न व्हायचंय."

"मग असं म्हणा की! ज्याचं लगीन जमंना, तो व्हय? तो माझा नातू. हेच घर. बसा, दम खावा."

एव्हाना साहेब फाटकात आले होते. अंगात सफारी, कपाळाला गंध, चेहऱ्यावर स्वागताचं हसू. ते हसू आईवर पडलं आणि तिथंच गोठलं.

"आई," ते दात आवळून म्हणाले, "आत चला."

"बोहनी झालीय, आता कशी उठू?"

मुलीच्या आईला मौज वाटायला लागली होती. ती मावशींसमोर उकिडवी बसली. "आजी, परिचयपत्रात लिहिलंय तुमची वडिलोपार्जित बागायत आहे म्हणून. कुठं आहे हो?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. मावशींनी एकदा मुलाकडं बघितलं. शिकवलेलं वाक्य त्यांना आठवलं असावं, कारण त्या एकदम सरळ बसल्या आणि काठी आमच्या जाळीकडं रोखून ठणकावून म्हणाल्या, "हाय की. ही काय. आमची बागायत."

मुलीची आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. फेटेवाल्यांना ठसका लागला. ह्यांनी आतून येऊन मला हळूच विचारलं, "आपली जाळी त्यांच्या नावावर कधी झाली?"

मंडळी आत गेली, पोहे झाले, चहा झाला, आणि गाडी गेली. त्यानंतर बरेच दिवस तामलवाडीहून काही निरोप नाही. साहेबांनी आमच्याशी बोलणं सोडलं. आईशी तर ते फक्त 'जेवलात का' एवढंच बोलायचे, तेही आपल्या मंडळींकरवी. मावशींचं आमच्याकडं येणं बंद झालं. मागच्या दाराला कुलूप लागलं. करवंदं पिकून गळत होती, बुलबुल मजेत होते, आणि मी रोज भिंतीपाशी जाऊन उगाच पाला साफ करत होते. पलीकडून टीव्हीतल्या बायकांचा आवाज यायचा. एकदा मी द्रोणभर करवंदं भिंतीवर ठेवली. संध्याकाळी ती तशीच होती, मुंग्या लागलेली.

मग होकार आला. खरं कारण नंतर लग्नात नवरीमुलीनंच मला सांगितलं. ती आणि साहेबांचा मुलगा फोनवर आधीच सगळं ठरवून बसले होते. घर बघायला आलेली मंडळी नुसता कार्यक्रम उरकायला आली होती. निरोपाला उशीर झाला तो मुहूर्तावरून चुलत्यांचं भांडण झालं म्हणून. पण श्रेयाची वाटणी तोवर झाली होती. साहेब म्हणाले, वास्तुतज्ज्ञानं ईशान्येला कलश ठेवायला सांगितला त्याचा गुण. त्यांच्या मंडळी म्हणाल्या, तुळजापूरचा नवस. आमचे हे म्हणाले, करवंदी.

लग्नात एक गोष्ट घडली आणि साहेब बदलून गेले. फेटेवाले व्याही जेवणाच्या पंगतीत, मांडवात, जिथं जातील तिथं सांगत सुटले, "आमच्या विहीणबाईंच्या सासूनं आम्हाला दारातच करवंदं विकली. आमची पोरगी सांगत होती, साहेबांना त्या माउलीनं ठेसनावर उभं राहून शिकवलं म्हणे. असं घर मिळायला भाग्य लागतं." लोक 'वा वा' करत होते. साहेब आधी कानकोंडे झाले. मग त्यांच्या लक्षात आलं की लोक हसत नाहीत, माना डोलावताहेत. साहेबांची छाती माझ्या डोळ्यांदेखत इंचाइंचानं फुगली.

तेव्हापासून त्यांना आवरणं कठीण झालंय. निवृत्तीच्या सत्कारात ते अर्धा तास आईच्या करवंदांवर बोलले. "त्या काटेरी जाळीतून माझ्या आईनं माझं भविष्य वेचलं," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले, आणि सभागृहातल्या निम्म्या बायकांनीही पुसले. मावशी पहिल्या रांगेत शाल पांघरून बसल्या होत्या. शेजारी बसलेल्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "ह्यो एकदा तरी आला हुता का जाळीत? पाय भाजतेत म्हणून घरात बसायचा." आणि मग, जरा थांबून, "पर बोलतो चांगला."

आता साहेबांनी हिरवळ काढून टाकली आहे आणि नर्सरीतून करवंदाची सुधारित जात आणून लावली आहे. जाडजूड, गुलाबी-पांढरी फळं. प्रत्येक रोपाला ठिबक, प्रत्येक रोपापुढं नावाची पाटी. कॉलनीतले आणखी तिघं त्यांचं बघून लावताहेत. मला येऊन म्हणाले, "बाई, देशी झाडांचं महत्त्व आपल्या लोकांना कळत नाही हो." मी होकार दिला. अशा वेळी दुसरं काय देणार?

पहिलं फळ त्यांनी ताटलीत घालून आईपुढं ठेवलं, सगळ्यांना बोलावून, फोटोसाठी. मावशींनी एक चावलं आणि ताटली सरकवून दिली.

"ही करवंदं न्हायत. बेकरीतल्या केकवरची चेरी हाय ही."

फोटो मात्र चांगला आला. साहेबांनी तो मोठा करून दिवाणखान्यात लावला आहे. मावशींना फाटकापाशी बसायला अजूनही परवानगी नाही. आता मुलगा नामांकित झाल्यामुळं ते बरं दिसत नाही म्हणे. नातसून सुट्टीला आली की त्यांना हात धरून आमच्याकडं सोडते आणि कुणी विचारलं तर देवळात नेलं म्हणून सांगते. मावशी ओट्यावर बसतात आणि हिरवी करवंदं चिरतात. चिकानं त्यांची बोटं चिकट होतात, ती त्या माझ्या पडद्याला पुसतात. लोणच्यात मीठ किती घालायचं यावरून आमचं भांडण होतं. यंदाही झालं. मी माझ्या मापानं घातलं, आणि मी फोन घ्यायला आत गेले तेवढ्यात त्यांनी आणखी मूठभर टाकलं. बरणीतलं लोणचं खारट झालंय. ह्यांना आवडतंय.